लोकरगिरणीतला वारा

भिवंडीतल्या डाइंग हाउसच्या मागच्या अंगाला, सांडपाण्याच्या टाक्यांपाशी, ओतीव लोखंडाचं एक बसकं यंत्र दिवसरात्र घुरघुरत असतं. पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळावा म्हणून ते टाकीच्या तळातून हवा सोडतं. कामगार त्याला नुसतंच ब्लोअर म्हणतात, फिटर मात्र ‘रूट्स’. याच बांध्याचं यंत्र वेगवान बोटीच्या इंजिनावर चढलं की त्याला सुपरचार्जर म्हणतात. यंत्रमागांच्या गावाला त्याची कुळकथा आपली वाटावी, कारण त्याचा जन्म कापडाच्याच धंद्यात झाला.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथे फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे भाऊ लोकरीची गिरणी चालवत. गिरणी कालव्याच्या पाण्यावर चाले आणि पाणचक्कीचा जोर पुरत नसे. म्हणून त्यांनी एक नवी तऱ्हा करून पाहिली: बंद पेटीत शेजारीशेजारी दोन लाकडी रोटर, मध्ये बारीक आणि टोकांना फुगीर, एकमेकांच्या उलट फिरणारे. पाण्याने ते फिरावेत आणि गिरणीला गती मिळावी, असा बेत. पण लाकूड भिजलं, फुगलं आणि अडकून बसलं. असं सांगतात की, यंत्र बाहेर काढून, दुरुस्त करून पट्ट्यावर फिरवून पाहिलं, तेव्हा त्यातून हवेचा असा झोत निघाला की शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाची टोपी उडाली. टोपीची गोष्ट पिढ्यानपिढ्या रंगवली गेली असेल, पण १८६० चं पेटंट पक्कं आहे. पाण्यासाठी घडवलेलं यंत्र हवेला लागू पडलं.

पुढची काही दशकं ते भट्ट्यांना वारा घालण्यात आणि खाणींत हवा खेळवण्यात गेली. १८७० मध्ये आल्फ्रेड बीचने न्यूयॉर्कमध्ये जमिनीखालून हवेच्या दाबावर डबा ढकलणारी छोटी रेल्वे करून दाखवली, तिथेही रूट्सचाच प्रचंड ब्लोअर होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबण्याची कल्पना गॉटलिब डाइमलरच्या १८८५ च्या पेटंटात आहे. रूट्स ब्लोअर लावलेल्या मोटारी मर्सिडीझने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या.

आता पाण्यावरची गोष्ट. कल्याण-भिवंडीच्या खाडीत १६५७ नंतर शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली, तेव्हा जहाजाचा वेग वारा आणि वल्ही ठरवत. पावणेतीनशे वर्षांनी, १३ जून १९३० रोजी, इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावावर हेन्री सीग्रेव्हची ‘मिस इंग्लंड २’ ही बोट ताशी ९८.७६ मैल पळाली आणि पाण्यावरच्या वेगाचा विक्रम झाला. तिच्यात सुपरचार्जरवाली दोन रोल्स-रॉइस इंजिनं होती. विक्रमानंतरच्या फेरीत ती उलटली आणि त्यात सीग्रेव्ह गेला. त्या इंजिनांवरचा सुपरचार्जर मात्र रूट्सचा नव्हता. तो झपाट्याने फिरणाऱ्या चाकाने हवा बाहेर फेकणारा सेंट्रिफ्यूगल होता.

रूट्सचं घराणं पाण्यावर आलं ते डिझेलमुळे, आणि या कथेतला सर्वांत मोलाचा भाग हाच. जनरल मोटर्सने १९३८ मध्ये ‘७१’ मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिनं काढली. त्यांतला जळका धूर बाहेर लोटून ताजी हवा भरायला ब्लोअर लागेच. प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून सहा सिलिंडरच्या इंजिनाला ६-७१ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटींपैकी बहुतेकींत याच इंजिनाचा २२५ अश्वशक्तीचा सागरी अवतार होता. युद्धानंतर भंगारात हे ब्लोअर स्वस्त मिळू लागले आणि कॅलिफोर्नियातल्या शर्यतवेड्या पोरांनी ते पेट्रोलच्या व्ही-८ इंजिनांवर चढवले. आधी मोटारी, मग बोटी. आजही बोटीसाठी खास नवा घडवलेला ब्लोअर ६-७१ किंवा ८-७१ याच मापाने विकला जातो, मग त्याचा डिझेलशी काही संबंध नसला तरी.

बोटीसाठी सुपरचार्जरची निवड करताना बोट आणि मोटार यांतला फरक आधी ओळखावा लागतो. मोटार पूर्ण जोरात काही सेकंद पळते, मग गिअर बदलतो, उतार लागतो. बोटीला ना गिअर, ना उतार. इंजिन कित्येक मिनिटं सलग पूर्ण भाराखाली राहतं. शिवाय बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्याच्या पाठीवर सरकू लागेपर्यंत खालच्या फेऱ्यांतच मोठा जोर हवा असतो. रूट्स तो देतो. सेंट्रिफ्यूगलचा जोर वरच्या फेऱ्यांत येतो. रूट्सचं उणंही मोठं आहे: तो पोटात हवा दाबत नाही, नुसती पलीकडे ढकलतो, दाब पुढे मॅनिफोल्डमध्ये तयार होतो आणि हवा फार तापते. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मचा स्क्रू कॉम्प्रेसर हवा आतच दाबतो, म्हणून ती कमी तापते. मर्क्युरीने २००४ मध्ये व्हेराडो आउटबोर्ड काढलं तेव्हा त्यावर स्क्रूच निवडला.

मग हिशेब ब्लोअर फिरवणाऱ्या पुलीचा. ६-७१ एका फेरीत सुमारे ६.७ लिटर हवा लोटतो. ८.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत ४.१ लिटर ओढतं. क्रँकवर ५० दात आणि ब्लोअरवर ६० दातांची पुली लावली, तर इंजिनाच्या ६,००० फेऱ्यांना ब्लोअर ५,००० फिरतो आणि कागदावर छत्तीस टक्के हवा जास्त जाते. पंपावरच्या पेट्रोलवर यापेक्षा फार हाव धरू नये. इंजिन ठोकायला लागलं की पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. म्हणूनच अशा इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ८ च्या आसपास ठेवतात.

बसवताना जीव रोटरांच्या फटीत असतो. दोन रोटर एकमेकांना शिवत नाहीत. टोकाच्या गिअरांमुळे त्यांच्यात काही थाऊंचं, म्हणजे इंचाच्या काही हजारांशांचं, अंतर राहतं. फिलर गेज घालून, रोटर हाताने थोडाथोडा फिरवत, प्रत्येक ठिकाणची फट पाहावी लागते. ती जास्त झाली तर हवा मागे गळते, कमी झाली तर तापून फुगलेलं ॲल्युमिनियम घासतं. कॉनर्सव्हिलला लाकूड पाण्याने फुगलं होतं, इथे धातू उष्णतेने फुगतो.

इंटरकूलरमधून बाहेरचं पाणी फिरवून हवा थंड करता येते. समुद्रात मात्र प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने तो धुवावा लागतो. हवा आत घेण्याच्या तोंडावर फ्लेम अरेस्टर हवाच, कारण बोटीच्या तळाशी बंद इंजिनकप्प्यात साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक उलटी ज्वाळा पुरते. सगळं जुळल्यावरही बोटीचा जुना पंखा (प्रोपेलर) चालत नाही. वाढलेल्या ताकदीने तो इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरू देतो, म्हणून जास्त पिचचा पंखा लावून, पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या मोजून, पुली आणि पंखा दोन्ही पुन्हा एकदा जुळवून घ्यावे लागतात.