मनोऱ्याची झोप

ज्याच्या खिशातून खर्च जातो, तोच काटकसर आधी शिकतो. प्रपंचातला हा साधा न्याय यंत्रांच्या इतिहासालाही लागू पडतो. मोबाइल टेलिफोनच्या विजेची हकीकत आम्ही आज भंडाऱ्याच्या श्रोत्यांपुढे मांडीत आहोत, ती ह्याच न्यायाच्या आधारे.

युरोपातील टपाल-तार खात्यांच्या परिषदेने १९८२ साली एक समिती नेमली. तिच्या कामातून जी. एस. एम. ही पद्धत जन्माला आली आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिले संभाषण झाले. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू हे त्या वेळच्या कलकत्त्याहून दिल्लीच्या सुखराम यांच्याशी बोलले आणि मोबाइलयुगास प्रारंभ झाला.

ह्या पद्धतीत एक मोठी विसंगती पहिल्यापासून होती. हातातला फोन झोपाळू होता. कोणी आपल्याला बोलावीत आहे काय, हे ऐकण्यापुरता तो अर्ध्या ते दोन सेकंदांच्या अंतराने क्षणभर जागा होई आणि पुन्हा डोळे मिटून घेई. असे केले नसते तर त्याची चिमुकली बॅटरी काही तासांतच संपली असती आणि गिऱ्हाइकाने तो फोन परत नेऊन दिला असता. मनोऱ्याला मात्र झोप ठाऊकच नव्हती. आपण येथे आहोत हे फोनांना कळावे म्हणून त्याची एक मुख्य लहर अहोरात्र एकाच जोराने चालू ठेवावी लागे. बोलणारे कोणी नसेल तेव्हा त्या लहरीत निरर्थक संदेशांची भर घालून तो आपला जोर कायम राखी. मध्यरात्री सारे गाव निजलेले असतानाही मनोरा आपला बडबडतच असे! जुन्या बनावटीच्या केंद्रात संभाषण शून्य असले तरी भरगच्च कामाच्या निम्म्याहून अधिक वीज जळत असे. त्यावर यंत्राची खोली थंड ठेवण्याचा खर्च निराळाच.

हे रचणारे मूर्ख होते असे नव्हे. त्यांच्या देशात मनोऱ्यामागची तार अखंड वाहती होती, म्हणून तिचा हिशेब कोणी फारसा मांडला नाही. तो मांडण्याची पाळी आली ती आपल्यासारख्या जिल्ह्यांत. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले. वीज गेली की मनोऱ्याखाली डिझेलचा जनरेटर धडधडू लागे. २०११ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ह्याचा विचार केला, तेव्हा देशात सुमारे ३ लाख मनोरे होते आणि त्यांच्या विजेपैकी सुमारे ६० टक्के डिझेलवर निघत होती. जानेवारी २०१२ मध्ये दूरसंचार विभागाने आज्ञा काढली की, २०१५ पर्यंत निदान निम्मे ग्रामीण मनोरे संमिश्र ऊर्जेवर, म्हणजे सौर वगैरे साधनांच्या जोडीने चालावेत. ही आज्ञा वीज कोठून आणावी ह्याविषयी होती. मुळात ती लागावी किती, हा प्रश्न वेगळाच होता.

त्याचे उत्तर म्हणजे मनोऱ्याची झोप. भंडाऱ्याच्या माणसाला ती समजण्यास तलावाचा दाखला पुरेसा आहे. आपल्याकडील जुन्या मालगुजारी तलावांचे पाणी कोणी बाराही महिने सोडून ठेवीत नसे. धानाची बांधी पाणी मागेल तेव्हा दार उघडायचे आणि गरज भागली की बंद करायचे, हीच रीत. मनोऱ्यावरही आज निरनिराळ्या लहरींचे थर असतात. कमी कंपनसंख्येची लहर दूरवर पोहोचते. अधिक कंपनसंख्येच्या लहरी गर्दीचा भार उचलतात. रात्री गर्दी ओसरली की वरचे थर निजवायचे, खालचा एक जागा ठेवायचा आणि पहाटे मागणी वाढली की सर्वांना उठवायचे. फोर-जी पद्धतीत हे काम अवघड होते, कारण तिची ओळखखूण दर मिलिसेकंदाला प्रक्षेपित करावी लागे. फाइव्ह-जीचे नियम २०१८ मध्ये ठरले, तेव्हा ही चूक सुधारली गेली. तिची मुख्य खूण सामान्यतः २० मिलिसेकंदांनी एकदा निघते आणि काही परिस्थितीत हे अंतर १६० पर्यंत वाढविता येते. मधल्या शांततेत यंत्र डुलकी घेऊ शकते. हातातल्या फोनाने १९९१ साली जे केले, ते मनोऱ्याला शिकावयास सुमारे पंचवीस वर्षे लागली!

येथवर ही काटकसरीची कथा झाली. परंतु तिला दुसरी बाजू आहे. शहरात एका मनोऱ्याचा थर निजला तर शेजारचा मनोरा हाक ऐकतो. जंगलकाठच्या गावाला बहुधा एकाच मनोऱ्याचा आधार असतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात व नदीकाठच्या गावांत शिरले, ते आपण विसरलेलो नाही. अशा रात्री शेकडो फोन एकाच वेळी हाका मारू लागतात आणि निजलेला थर तत्काळ उठला नाही तर ती काटकसर महागात पडते.

आरंभी सांगितलेला न्याय येथे उलटा वाचावा लागतो. विजेचे बिल कंपनीचे आहे, म्हणून मनोऱ्याला निजवावे कसे हे ती आपणहून शिकेल. तो वेळेवर न उठल्याचा भुर्दंड मात्र गावाला पडतो. तेव्हा कोणता थर कधीही निजू नये, हे ठरविताना नदीकाठच्या गावाला विचारले गेले पाहिजे आणि तो आग्रह आपणच धरावयास हवा. तलावाचे दार बंद असले तरी पावसाळ्याच्या रात्री पाळीवर कोणीतरी जागा असावा लागतो, हे ह्या जिल्ह्याला निराळे शिकवावयास नको.