बिननावाची पदके

सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावात, किंवा कोकणातील एखाद्या जुन्या घरात, ट्रंकेच्या तळाशी अजूनही पहिल्या महायुद्धातले पदक सापडते. चांदीचे, पण काळवंडलेले. एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखडा, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष. ते डोळ्यांजवळ धरावे आणि त्याची कड हळूहळू फिरवावी. बारीक अक्षरे दिसू लागतात : शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नावाचे स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसे भासले तसे. मारुतीचा ‘मरूती’ झालेला असतो, कधी गावाच्या नावाचा पत्ता नसतो. पण नाव असते. परक्या सरकारच्या चाकरीत गेलेल्या, निरक्षर, महिना अकरा रुपये पगाराच्या त्या माणसाचे नाव धातूवर आहे, आणि शंभर वर्षांनंतर त्याचा पणतू ते वाचू शकतो.

जर्मनीत मात्र असे नाही. जर्मन पदकाची कड बहुधा कोरी असते. शिपायाचीही कोरी आणि सेनापतीचीही कोरी! बर्लिनच्या जुन्या बाजारात एखादी पदकांची पट्टी विकायला येते. पाच-सहा पदके, रंगीत फितींनी एका ओळीत शिवलेली, मागे लोकरीचे कापड, कापडाखाली टाचणी. कोणाच्या छातीवरची ती? मेलेल्याचे घर रिकामे करताना कोणी तरी डबा उचलला, डब्याबरोबर नाव गेले. अशा पट्टीला जर्मन लोक ‘ऑर्डेन्सश्नाले’ म्हणतात, आणि तिचा धनी शोधून काढणे हा तिकडच्या काही हौशी लोकांचा आणि इतिहासकारांचा उद्योग आहे. मी जर्मनीला गेलेलो नाही. मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षणही नाही. पण मुलांना इतिहास शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे नाव नसलेल्या माणसाचा माग काढण्याच्या या विद्येने मला फार दिवस वेड लावले आहे.

या विद्येचे पहिले सूत्र आपल्या देवघरातलेच समजा. देव्हाऱ्यात कुलदैवत आधी, मग इतर देव, आणि काशीयात्रेहून कोणी आणून दिलेली मूर्ती कडेला. नुसती मांडणी पाहून जाणता माणूस घराणे सांगतो. जर्मन पट्टीचेही तसेच आहे. १८७१ साली जर्मनी एक झाला खरा, पण तो पंचवीस राज्यांचा मिळून. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी आणि व्युर्टेम्बर्ग ही चार राजांची राज्ये. त्यांखाली ड्यूक, प्रिन्स. आणि हॅम्बुर्ग, ब्रेमेन, ल्युबेक ही तीन स्वतंत्र नगरे. आपल्याकडे सांगली, औंध, फलटण होते त्यांची आठवण व्हावी. यांतल्या बहुतेकांची आपापली पदके होती. आणि रिवाज असा, की पट्टीवर आपल्या राज्याचे आधी, मग दुसऱ्या जर्मन राज्यांचे, शेवटी परदेशी. पुढे महायुद्धानंतर आयर्न क्रॉस बहुधा साऱ्यांच्याच पट्टीवर पहिला येऊन बसला. पण त्याच्या शेजारी कोण बसला आहे हे पाहिले, की माणूस बव्हेरियन की प्रशियन हे पुष्कळदा कळते.

दुसरे सूत्र लहान राज्यांचे. मोठ्या राज्याचे पदक लाखांना मिळते, त्यावरून माणूस सापडत नाही. लहान राज्य मात्र आपल्या माणसांना हुडकून देते. १९१५ साली त्या तीन नगरांनी ‘हॅन्सिऍटिक क्रॉस’ काढला, प्रत्येकाचा वेगळा. आता हॅम्बुर्गची म्हणून ७६वी पायदळ पलटण, ब्रेमेनची ७५वी, ल्युबेकची १६२वी. ल्युबेकचा क्रॉस पट्टीवर दिसला की शोध साऱ्या जर्मन सैन्याऐवजी एका पलटणीकडे, निदान एका नगराकडे वळतो. जितके राज्य लहान, तितका पत्ता नेमका!

परदेशी पदक तर आणखी बोलके. तुर्की सुलतानाचे तलवारींसह लियाकत पदक जर्मन पट्टीवर असले, तर तो माणूस महायुद्धात तुर्कांच्या बाजूने डार्डानेल्सला, पॅलेस्टाइनला किंवा इराकात असण्याचा संभव. इराक म्हटले की आपल्याला कूट-अल-अमारा आठवावे. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथे वेढ्यात सापडली. तिच्यात १०३ व्या, ११० व्या आणि ११७ व्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोकांनी शस्त्रे खाली ठेवली. समोरच्या तुर्की फौजेचा मुख्य होता जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्त्झ. तो विजय पाहायला उरला नाही, दहाच दिवस आधी बगदादला तापाने गेला.

आता एक खरे उदाहरण घेऊ. दोन पट्ट्या समोर आहेत अशी कल्पना करा. दोन्हींवर १९०१ साली काढलेले चीनचे पदक आहे. बॉक्सर बंडाच्या मोहिमेचे ते, त्याच्या एका बाजूस ड्रॅगनला नखांत धरलेला गरुड. दोन्हींवर नैर्ऋत्य आफ्रिकेच्या मोहिमेचे १९०७ चे पदक आहे. दोन्हींवर आयर्न क्रॉस आहे. दिसायला जुळी भावंडे. पण क्रॉसच्या खालच्या हातावर साल असते. एकावर १८७०, दुसऱ्यावर १९१४.

बस्स, एवढ्यावर गाडी सुटते. ज्याने १८७० साली फ्रान्समध्ये क्रॉस मिळवला, तो १९०४ साली आफ्रिकेत उतरला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला असणार. त्या वयात मोहिमेवर जाणारा म्हणजे मोठ्या हुद्द्याचा, आणि असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला ठळक म्हणजे जनरल लोथार फॉन ट्रोथा. चीनमध्ये त्याने ब्रिगेड चालवली, आफ्रिकेत सेनापती झाला. आणि १९१४ च्या क्रॉसवाला? तो त्याच मोहिमांतला तरुण असला पाहिजे. असा एक तरुण होता पाउल फॉन लेटो-फॉरबेक, १८७० साली जन्मलेला, चीनला जाऊन आलेला, आफ्रिकेत ट्रोथाचाच ऍडज्युटंट. सेनापती आणि त्याचा हाताखालचा माणूस, दोघांत वेगळे काय तर चार आकडे!

लेटो-फॉरबेकला आपल्याकडची फौज चांगली ओळखत होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून सुमारे आठ हजारांची फौज जर्मन पूर्व आफ्रिकेतील टांगा बंदर घ्यायला निघाली. जुन्या मुंबई इलाख्याच्या लष्करातली १०१वी ग्रेनेडियर्स पलटण तिच्यात होती. समोर लेटोजवळ जेमतेम हजार माणसे, त्यांतली बहुतेक आफ्रिकन. ४ नोव्हेंबरला लढाई जुंपली. गोळीबाराने झाडांवरची मधमाश्यांची पोळी उठली, आणि माश्यांनी गोरा-काळा, आपला-परका असा भेद न करता सर्वांचा समाचार घेतला. मुलांना हा प्रसंग सांगितला की वर्ग हसतो. दुसऱ्या दिवशी इंग्रजी फौज बंदुका टाकून बोटीत परतली. लेटो पुढे चार वर्षे सापडला नाही. युरोपात युद्ध थांबल्यावरच त्याने नोव्हेंबर १९१८ मध्ये शस्त्र ठेवले. जर्मनीत तो वीर ठरला.

पण त्या आफ्रिकेच्या पदकाची फीत नीट पाहायला हवी. तिच्यावर धातूच्या लहान आडव्या पट्ट्या बसवीत, प्रत्येकीवर एका लढाईचे अथवा मुलखाचे नाव. ‘वॉटरबर्ग’ असे एक नाव असते. तिथे ११ ऑगस्ट १९०४ रोजी हेरेरो लोकांचा पराभव झाला. ‘ओमाहेके’ असे दुसरे एक नाव असते. ओमाहेके म्हणजे वाळवंट. पराभवानंतर हेरेरो आपल्या बायकामुलांसह आणि गुरांसह त्या वाळवंटात शिरले, जर्मन सैन्याने पाण्याच्या जागा अडवल्या, आणि २ ऑक्टोबर १९०४ रोजी ट्रोथाने हुकूम काढला की जर्मन हद्दीत सापडेल तो हेरेरो गोळी घालून मारावा. माणसे तहानेने मेली, हजारोंनी मेली. जर्मन सरकारने या प्रकाराला वंशसंहार म्हटले ते २०२१ साली. सोनेरी मुलाम्याची ती नखाएवढी पट्टी सुबक असते, नाजूक असते. संग्राहक तिची किंमत वाढली म्हणून खूष होतो. मला वाटते, ‘ओमाहेके’ असे लिहिलेल्या पट्टीचा धनी सापडणे हे त्याच्या घराण्याच्या मानासाठी नव्हे, तर तिथे कोण उभा होता हे समजण्यासाठी जरूर आहे. पदकाची ओळख पटवणे म्हणजे दरवेळी आरती ओवाळणे नव्हे.

इथवर पट्टी वाचली. आता यादी हवी. जर्मनांना याद्यांची हौस दांडगी. प्रशियाच्या अधिकाऱ्यांची ‘रांगलिस्ट’ दर वर्षी छापून निघे, तिच्यात प्रत्येकाच्या नावाशी त्याच्या पदकांच्या खुणा. बर्लिनला १८१६ पासून निघणाऱ्या ‘मिलिटेर-वोखेनब्लाट’ या लष्करी साप्ताहिकात, कोणाला कोणते परदेशी पदक लावण्याची परवानगी मिळाली तेही येई. समजा पट्टीवर सयामचे पदक आहे. १८९७ आणि १९०७ साली राजा चुलालाँगकर्ण युरोपच्या दौऱ्यावर आला होता, तेव्हाचे अंक चाळावेत. पट्टीवर जेरुसलेमचा क्रॉस असेल तर काम आणखी सोपे : कैसर विल्हेल्म ऑक्टोबर १८९८ मध्ये जेरुसलेमला गेला, त्या यात्रेत जे होते त्यांचाच तो. एका यादीतली नावे घ्यावीत, दुसरीत ताडून पाहावीत, तिसरीत गाळावीत. तांदूळ निवडावे तसे काम. शेवटी ताटात एकच दाणा उरला, तर नाव सापडले. दोन उरले, तर नाही. आणि प्रामाणिक माणसाने तिथे थांबावे. पुष्कळजण थांबत नाहीत, कारण नाव लागलेल्या पट्टीला पैसे अधिक मिळतात. मग हवे ते पदक मिळवून जुन्या पट्टीवर शिवून देणारेही निघतात. त्यांना पकडायला एक जांभळा दिवा असतो. युद्धानंतरचा कृत्रिम धागा त्याच्या अतिनील किरणांत भुतासारखा चमकतो, जुने रेशीम आणि सूत मंद राहते.

या सर्व शोधाची खरी अडचण मात्र निराळीच. महायुद्धाच्या काळात त्या वार्षिक याद्या पूर्वीसारख्या छापल्या गेल्या नाहीत, आणि लक्षावधी क्रॉस वाटले गेले ते नेमके तेव्हा. मूळ दप्तर होते, पॉट्सडॅमच्या लष्करी दप्तरखान्यात. १४ एप्रिल १९४५ च्या रात्री इंग्रजी विमानांनी पॉट्सडॅमवर बाँब टाकले. हिटलर मरायला सोळा दिवस उरले होते. युद्ध हरल्यातच जमा होते. त्या रात्री दप्तरखाना पेटला आणि प्रशियन सैन्याच्या माणसांचे बहुतेक कागद गेले. बव्हेरियाचे दप्तर म्युनिकला होते, ते वाचले. व्युर्टेम्बर्गचे स्टुटगार्टचेही राहिले. त्यामुळे आज चमत्कार असा, की बव्हेरियातला साधा शिपाईगडी केव्हा जखमी झाला हे पानावर सापडते, आणि प्रशियाच्या कर्नलचा ठिकाणा लागत नाही. पाहा ना, हिटलर स्वतः बव्हेरियन पलटणीत कॉर्पोरल होता.

चीन-आफ्रिका-जेरुसलेमची पट्टी विरळा. बहुतेक पट्ट्यांवर दोनच पदके असतात : १९१४ चा आयर्न क्रॉस आणि १९३४ साली हिंडेनबुर्गने काढलेला महायुद्धाचा सन्मान-क्रॉस. रणांगणावर लढलेल्यांना तो तलवारींसह मिळाला. असे साठ लाखांहून अधिक. अशा पट्टीचा धनी सापडणे नाही. कोणतेही सूत्र इथे लागू पडत नाही.

आणि माझे मन अडकते ते याच पट्टीशी. त्या महायुद्धात जर्मनीकडून सुमारे एक लाख यहुदी लढले, बारा हजारांच्या आसपास मेले. जे परतले त्यांनीही आयर्न क्रॉस लावले. १९३३ साली हिटलरने यहुद्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढले, तेव्हा आघाडीवर लढलेल्यांना हिंडेनबुर्गच्या आग्रहाने सूट मिळाली. १९३५ मध्ये तीही गेली. मधल्या काळात सन्मान-क्रॉस वाटण्यात येत होता आणि अर्ज करणाऱ्या यहुदी शिपायांनाही तो मिळाला. २० जानेवारी १९४२ रोजी वानझेच्या बंगल्यात बैठक बसली. तिच्या टिपणात लिहिले आहे की युद्धात जबर जखमी झालेले आणि पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस असलेले यहुदी टेरेझिनस्टाटला पाठवावेत. म्हणजे पदक पाहून गाडी ठरायची. टेरेझिनस्टाटहून पुढे पुष्कळांना ऑश्विट्झला नेले. गंमत अशी, ‘गंमत’ म्हणवत नाही, की पहिल्या वर्गाचा क्रॉस पट्टीवर नसतोच, तो छातीला वेगळा टाचतात. पट्टीवर असतो तो दुसऱ्या वर्गाचा. म्हणजे दोन पदकांची ती पट्टी गाडीत बसलेल्याची असू शकते आणि गाडी भरणाऱ्याचीही. फीत तीच, तलवारी त्याच, लोकरीचे कापड तेच.

फरक कळतो तो एकाच प्रकारे. सन्मान-क्रॉसबरोबर एक छापील दाखला मिळत असे, आणि पदकावर नसलेले नाव त्या कागदावर टाइप केलेले असे. क्वचित पट्टी ज्या डब्यात असते त्यातच तो दाखला घडी घालून ठेवलेला सापडतो. वर छापलेले असते : फ्यूरर आणि राइख चॅन्सेलर यांच्या नावाने. खाली तारीख, पोलिस कचेरीचा शिक्का, अधिकाऱ्याची सही. मध्ये एका यहुदी शिपायाचे नाव.