कापलेल्या मडगार्डची किंमत

मोटारींशी माझा संबंध एसटीच्या तिकिटापुरता. आयुष्य गेले जुनी खरेदीखते आणि जमाखर्चाच्या वह्या वाचण्यात. गेल्या वर्षी योकोहामात नोकरी करणाऱ्या भाच्याने शेजाऱ्याच्या गाडीचे विक्रीचे कागद पाठवले. ‘मामा, यात काही इतिहास सापडतो का बघा,’ एवढेच लिहिले होते.

गाडी 1991 ची निसान सिल्व्हिया, एस-13 पिढीतली. टर्बो बदललेला, पुढे मोठा इंटरकूलर, हायड्रॉलिक हँडब्रेक, आत लोखंडी पिंजरा, मागची सीट काढलेली, मडगार्ड कापून रुंद केलेले. म्हणजे ड्रिफ्टची गाडी. वळणावर मागची चाके मुद्दाम घसरवून गाडी आडवी नेण्याचा हा खेळ.

मला अडकवले ते तपासणीच्या दाखल्याने. जपानात मोटारीची सक्तीची तपासणी असते, तिला ‘शाकेन’ म्हणतात. नव्या खासगी गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. दाखल्यावर गाडीची रुंदी आणि किती माणसांनी बसायचे तेही लिहिलेले असते. कारखान्यातून निघाली तेव्हा एस-13 ची रुंदी होती 1,690 मिलिमीटर. हा आकडा सहज आलेला नाही. 1.7 मीटरच्या आत असलेली गाडी ‘पाच’ने सुरू होणाऱ्या नंबरप्लेटच्या वर्गात बसे, आणि 1989 च्या करबदलापूर्वी त्याहून मोठ्या वर्गाला कर बराच जास्त पडे. शेजाऱ्याच्या दाखल्यावर मात्र रुंदी 1.7 च्या पुढे, माणसे दोन, आणि प्लेट ‘तीन’ची. फेरफार लपवलेला नव्हता. सरकारी शिक्क्यानिशी नोंदलेला होता. खरेदीखतावर नंतर चढवलेली नोंद वाचावी तसा मी तो कागद वाचला.

ही गाडी मुळात शर्यतीसाठी नव्हतीच. 1988 मध्ये ती आली तेव्हा तरुण जोडप्यांनी फिरायला न्यायची देखणी गाडी म्हणून गाजली, त्या वर्षीचा जपानचा ‘कार ऑफ द इयर’ मानही तिलाच मिळाला. पण ती वजनाने हलकी होती, जोर मागच्या चाकांवर होता, आणि 1991 पासून तिला दोन लिटरचे 205 अश्वशक्तीचे टर्बो इंजिन मिळाले. घाटरस्त्यांवर रात्री गाड्या घसरवणारी पोरे तेव्हा होतीच. त्यांच्यातूनच वर आलेल्या केइची त्सुचियाची 1987 ची व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरली होती. पुढे गाड्या जुन्या झाल्या. तपासणीचा खर्च, तेरा वर्षांनंतर वाढणारा कर, यामुळे लोक त्या काढून टाकू लागले आणि भाव पडले. स्वस्त होती म्हणूनच तिचा पत्रा कापण्याची हिंमत झाली, हे विसरता कामा नये. 2001 मध्ये डी-वन ग्रां प्री या नावाने स्पर्धा सुरू झाली तेव्हा असल्या गाड्या गल्लोगल्ली होत्या.

भाव फिरवला तो अमेरिकेच्या एका कायद्याने. 1988 च्या त्या कायद्यानुसार परदेशी बाजारासाठी बनलेली गाडी 25 वर्षे जुनी झाली की तिथल्या सुरक्षा-मानकांतून सुटते. तिकडे हीच गाडी वेगळ्या नावाने, टर्बोशिवाय विकली गेली होती. त्यामुळे 2013 नंतर जपानी टर्बो एस-13 ला मागणी आली. मागणी आली तीही अस्पर्श गाडीला. (आपल्याकडे हा प्रश्नच नाही. तीन वर्षांहून जुनी मोटार सहसा आयात करता येत नाही, आणि कारखान्याच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल कलम 52 खाली चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले.)

परदेशात गाड्या पाठवणाऱ्या एका दलालाने शेजाऱ्याला सांगितले, मूळ रूपात आणा, जास्त पैसे देतो. टर्बो, सीट, हँडब्रेक परत बसवता आले असते. कापलेला पत्रा कुठून आणणार? मला विचाराल तर दलालाची मागणी ऐतिहासिकदृष्ट्याही चूक होती. अस्पर्श सिल्व्हिया 1991 सालचे एक दुकान दाखवते. ही गाडी पुढची तीस वर्षे दाखवते.

शेवटी कमी पैशांत ती एका तरुण मेकॅनिकने घेतली. शेजाऱ्याने कुठे वेल्डिंग केले, कुठे आदळली, हे हाताने लिहून दिले. ती चार पाने गाडीबरोबर गेली. भाच्याने त्यांचे फोटो काढून मला पाठवले आहेत.