पेरू नका, पैसे घ्या : अमेरिकेतील मृदासंधारण करारांचा लेखाजोखा

(थ्रेड) शेतकऱ्याने शेत पेरू नये म्हणून सरकारने त्याला पैसे मोजावेत, ही कल्पना प्रथम ऐकताना विचित्र वाटते. अमेरिकेत मात्र ती सुमारे नव्वद वर्षे या ना त्या रूपात नांदते आहे. या पैशातून जमिनीचे खरोखर किती भले झाले? उत्तरासाठी योजनेच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

१९३० च्या दशकात, गव्हासाठी नांगरलेली गवताळ मैदाने अवर्षणात अक्षरशः उडून जाऊ लागली. १४ एप्रिल १९३५ चे धूळवादळ ‘काळा रविवार’ म्हणून ओळखले जाते. त्यानंतर तेराव्या दिवशी मृदासंधारण कायदा झाला आणि मृदाशास्त्रज्ञ ह्यू हॅमंड बेनेट नव्या मृदासंधारण सेवेचे प्रमुख झाले.

इथवरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. पुढची मात्र न्यायालयात घडली.

पडलेले शेतमालाचे भाव सावरण्यासाठी १९३३ च्या कायद्याने पेरा घटवणाऱ्यांना पैसे देण्यास आरंभ केला होता. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बटलर’ या खटल्यात ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. आठ आठवड्यांच्या आत नवा कायदा आला. आता पैसे मिळणार होते ते मातीचा कस ओढणारी पिके सोडून कस राखणारी पिके घेण्यासाठी. कस ओढणाऱ्या पिकांत कोण? प्रामुख्याने कापूस, गहू, मका, तंबाखू. म्हणजे ज्यांचा पुरवठा सरकारला घटवायचाच होता, तीच! मृदासंधारण हे उद्दिष्ट खरे होते, पण ते कायदेशीर आडोसाही होते. या योजनांचे मूल्यमापन आजही अवघड जाते, त्याचे एक मूळ या दुहेरी हेतूत आहे.

शिवाय पैसे कोणाला? १९३३ च्या कापूस करारांत मोबदला मुख्यतः जमीनमालकाच्या हाती पडला. दक्षिणेत वाट्याने शेती कसणाऱ्या असंख्य कुटुंबांना, ज्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते, पेरा घटताच जमिनीवरून हाकलण्यात आले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सामध्ये कुळांची संघटना उभी राहिली, तीत गोरे आणि काळे एकत्र होते. कूळ आणि मालक यांचा झगडा आपल्याला नवा नाही, त्यामुळे हे पान वाचताना फारसे परके वाटत नाही.

१९५६ मध्ये आयझेनहॉवर सरकारने ‘सॉइल बँक’ आणली. १९६० पर्यंत तिच्या दीर्घ मुदतीच्या करारांखाली सुमारे २ कोटी ८७ लाख एकर जमीन आली. करार संपत आले आणि १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने प्रचंड धान्यखरेदी केली. भाव उसळले, कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी बांधापासून बांधापर्यंत पेरा करा असा धोशा लावला, आणि वर्षानुवर्षे पैसे देऊन राखलेले गवत बहुतांशी नांगराखाली गेले. दक्षिणेत ज्यांनी पाइनची झाडे लावली होती, त्यांची बहुतेक रानेही गेलीच असतील असे वाटेल, पण ती टिकली. उभे झाड उपटणे हा खर्च असतो, गवत मोडणे नव्हे.

माझ्या मते साऱ्या मूल्यमापनाची खरी कसोटी इथे आहे : कराराच्या काळात काय झाले ते नव्हे, करार संपल्यावर काय उरले.

१९८५ चा ‘कॉन्झर्वेशन रिझर्व्ह’ कार्यक्रम हा या धड्यानंतरचा प्रयत्न. दहा ते पंधरा वर्षांचे करार, धूपग्रस्त जमीन, वार्षिक भाडे. मालकांनी भाड्याची बोली लावायची होती, पण सरकार जास्तीत जास्त किती देईल हे त्यांना लवकरच उमगले आणि बोल्या त्या मर्यादेलाच चिकटू लागल्या. १९९० नंतर स्वस्ताईबरोबर पर्यावरणीय लाभालाही गुण देण्याची पद्धत आली.

परिणाम दिसला. शेतजमिनीची धूप १९८२ मध्ये वर्षाला ३०० कोटी टनांहून अधिक होती, ती २००७ पर्यंत सुमारे १७३ कोटींवर आली. पण श्रेय कोणाचे? याच काळात न नांगरता पेरण्याची पद्धत पसरली होती. शिवाय १९८५ च्याच कायद्याने, धूपग्रस्त जमीन बेफिकिरीने कसणाऱ्याचे सरकारी अनुदान रोखण्याची तरतूद केली होती. अर्थतज्ज्ञ जुनजिए वू यांनी २००० मध्ये आणखी एक शंका मांडली : मध्य अमेरिकेत १०० एकर पडीक ठेवले, तर दुसरीकडे सुमारे २० एकर नवी जमीन नांगरली जाते. हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला. शंका मात्र अभ्यासकांना सोडवत नाही.

२००७ मध्ये ३ कोटी ६८ लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे क्षेत्र या करारांखाली होते. मग इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली, भाव चढले, संसदेने कमाल क्षेत्राची मर्यादाही खाली आणली. दशकभरात क्षेत्र २ कोटी ४० लाख एकरांच्या आसपास उतरले. १९७० च्या दशकाचीच ही आवृत्ती, फक्त खरेदीदार बदललेला.

पाणथळ जमिनींसाठी १९९० च्या कायद्याने वेगळी वाट काढली. तेथे भाडे नव्हे, तर मालकाकडून नांगरण्याचा हक्कच कायमचा विकत घेण्याची सोय झाली. जमीन विकली गेली तरी हे बंधन खरेदीखताबरोबर पुढच्या मालकाकडे जाते.