जमीन उरली, भाग बुडाले : मुंबईच्या भराव कंपन्या (१८६३-६५) आणि मंदीतील गृहबांधणी भागांच्या मूल्याचा प्रश्न

प्रस्तावना :

वळसंगहून सोलापूरकडे येताना अक्कलकोट मार्गावर कुंभारी हे गाव लागते. येथील माळावर विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये ती त्यांच्या स्वाधीन झाली. केंद्र शासन, राज्य शासन आणि स्वतः कामगार या तिघांच्या वाट्यातून ही घरे झाली. त्याच सुमारास, म्हणजे २००६-०७ मध्ये, मुंबईच्या भागबाजारात गृहबांधणी कंपन्यांच्या भागांना विलक्षण मागणी आली होती. घर हा विषय दोन्हीकडे समान होता, परंतु कुंभारीत घराचे मूल्य राहण्यावरून ठरत होते आणि भागबाजारात ते उद्याच्या भावावरून ठरत होते. त्यानंतर दोनच वर्षांत गृहबांधणी कंपन्यांचे भाग कोसळले. तेव्हा ‘आता हे स्वस्त झाले आहेत, घ्यावेत काय?’ हा प्रश्न अनेक सुशिक्षित मध्यमवर्गीयांसमोर उभा राहिला.

हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांनाही परका नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानावर आधारित योजना लागू झाली. त्यामुळे म्हातारपणाची तजवीज आणि बाजार यांचा संबंध पूर्वीपेक्षा अधिक निकटचा झाला. अशा वेळी इतिहासाच्या अभ्यासकाने आपल्याच प्रांतातील एका जुन्या घसरणीकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल, असे वाटते. मुंबईच्या भराव कंपन्यांच्या भागांचे मंदीत काय झाले आणि त्यावरून ‘स्वस्त’ व ‘मूल्यवान’ यांतील भेद कसा स्पष्ट होतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :

मूल्याधारित गुंतवणुकीची शास्त्रशुद्ध मांडणी बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये अमेरिकेतील महामंदीच्या पार्श्वभूमीवर केली. बाजारातील किंमत आणि व्यवसायाचे अंगभूत मूल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि किंमत मूल्यापेक्षा पुरेशी खाली असेल तरच खरेदी करावी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. किंमत व मूल्य यांतील या फरकाला त्यांनी सुरक्षिततेचे अंतर मानले. अंदाज थोडा चुकला तरी ते अंतर गुंतवणूकदाराला वाचवते. हा सिद्धांत जमिनीच्या व्यवसायाला लावताना मात्र एक अडचण येते. जमीन दिसते, मोजता येते आणि ती नाहीशी होत नाही. म्हणून जमीन बाळगणाऱ्या कंपनीचा भागही नाहीसा होणार नाही, असा समज सहज होतो. १८६५ च्या मुंबईने हा समज खोटा ठरवला.

कापूस, रेल्वे आणि समुद्रातील जमीन :

अमेरिकेत एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांची बंदरे अडवली गेल्याने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला व इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापुरास पोहोचली होती आणि बोरघाटातील मार्ग एप्रिल १८६३ मध्ये खुला झाला. त्यामुळे दख्खनच्या पठारावरील माल घाट उतरून मुंबईच्या धक्क्यावर जाणे सुकर झाले. युद्धकाळात मुंबईत नेहमीपेक्षा सुमारे सत्तर ते पंचाहत्तर दशलक्ष पौंडांची अधिक भर पडली, असे तत्कालीन अनुमान होते.

या पैशाला जागा हवी होती, आणि मुंबई बेटावर नेमकी जागाच कमी होती. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले ते याच वाढत्या मुंबईचे. समुद्रात भर टाकून जमीन निर्माण करावी, ती गोदामे, धक्के व घरांसाठी विकावी, ही कल्पना मुळात अजिबात खुळी नव्हती. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबणाऱ्या कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि ६२ संयुक्त भांडवली कंपन्या होत्या, अशी नोंद आढळते.

या सर्वांत बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा बोलबाला सर्वाधिक होता. तिचे भांडवल दोन कोटी रुपये होते. दहा हजार रुपये दर्शनी मूल्याचे दोन हजार भाग होते आणि त्यांवर पाच हजार रुपयांचा भरणा झाला होता. मुंबई सरकारसाठी ४०० भाग राखून ठेवले होते, परंतु सरकारने कंपनीत भागीदार व्हावे हे हिंदुस्थान सरकारला मान्य झाले नाही. ते भाग लिलावात गेले आणि त्यांतून एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम आली. पुढे पाच हजार भरलेल्या या भागावरील अधिमूल्य पन्नास हजारांच्या घरात गेले. येथे साधा हिशेब करून पाहावा. पन्नास हजार भावाने दोन हजार भागांची किंमत दहा कोटी रुपये होते, आणि कंपनीत प्रत्यक्ष भरलेले भांडवल होते एक कोटी. म्हणजे जी जमीन अद्याप बहुतांशी पाण्याखाली होती, तिची किंमत बाजाराने भरलेल्या भांडवलाच्या दहापट लावली होती.

घसरण :

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. ती बातमी येताच कापसाचा भाव उतरला आणि त्यावर उभे असलेले सर्व वायदे डळमळू लागले. बेहरामजी होरमसजी कामा हे तीन कोटींहून अधिक देण्यासह बुडाले आणि त्यांच्यामागून पेढ्यांची रांग लागली. वायद्यांच्या पूर्ततेचा १ जुलै १८६५ हा दिवस मुंबईच्या व्यापारी इतिहासात काळा दिवस म्हणून ओळखला जातो. दिवाळखोरीची प्रकरणे निकालात काढण्यासाठी सरकारला खास कायदा करावा लागला. या सट्ट्याचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी तेजीच्या काळात विद्यापीठास दिलेल्या देणगीतून राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, मात्र त्यांची स्वतःची पेढी १८६६ मध्ये कोसळली होती. बँक ऑफ बॉम्बेचा पाचशे रुपयांचा भाग २,८५० पर्यंत चढला होता, तो ८७ वर आला. बँकेची फेररचना १८६८ मध्ये करावी लागली. बॅकबेचा भाग दोन हजारांच्या खाली गेला.

आता प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न येतो. पाच हजार भरलेला, पन्नास हजारांना गेलेला भाग दोन हजारांत मिळत असताना तो मूल्याधारित खरेदीदाराने घ्यावा काय? वरवर पाहता भरलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी किंमत, म्हणजे सुरक्षिततेचे भरपूर अंतर. प्रत्यक्षात मात्र तीन गोष्टी या खरेदीदाराच्या विरुद्ध होत्या. एक, कंपनीची जमीन तयार नव्हती आणि ती तयार करण्यास लागणारा पैसा देणारे भागधारकच दिवाळखोर झाले होते. दुसरे, भागाचे दर्शनी मूल्य दहा हजार असल्याने उरलेल्या पाच हजारांची मागणी येण्याची जबाबदारी भागाबरोबरच खरेदीदाराकडे येत होती. दोन हजारांची वस्तू घेताना तो पाच हजारांचे संभाव्य देणेही पदरात घेत होता. तिसरे, जमिनीचे मूल्य सिद्ध होण्यास किती काळ लागेल याचा त्याच्या हाती काहीच आधार नव्हता.

पुढील इतिहासाने या तिन्ही शंका खऱ्या ठरवल्या. कंपनी गुंडाळली गेली. किनाऱ्यालगतची भर घातलेली पट्टी सरकारकडे आली आणि तिच्यावरून बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग पुढे गेला. बॅकबे भरण्याची मोठी योजना पुन्हा हाती घेतली गेली ती १९२० नंतर, गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात. तीही वादग्रस्त ठरली. वीर नरिमन यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली आणि १९२६ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. मरीन ड्राइव्ह आणि त्यामागील इमारती त्यानंतरच्या काळातील आहेत. १८६४ मधील सट्टेबाजांनी दक्षिण मुंबईच्या जमिनीस मोल येईल असे मानले, ते चुकीचे नव्हते. त्यांचा अंदाज दोन पिढ्यांनंतर खरा ठरला. तोपर्यंत त्यांचे भाग मात्र केव्हाच रद्दी झाले होते.

एल्फिन्स्टन कंपनीचा प्रतिवाद :

याच काळातील दुसरी कंपनी पाहिल्यास हा निष्कर्ष अधिक स्पष्ट होतो. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी १८५८ ची, म्हणजे तेजीपूर्वीची. रेल्वेच्या टोकाशी, बंदराच्या पूर्व बाजूस तिने भर घालून जमीन काढली. तेथे धक्के व कापूस दाबण्याची सोय होती. म्हणजे तिची जमीन रेल्वे आणि जहाज यांच्यामधील अत्यावश्यक दुवा होती. मंदीत या कंपनीसही पैशाची ओढाताण झाली, पण तिच्या मालमत्तेस गिऱ्हाईक होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई बंदराचे महत्त्व वाढले. त्याच सुमारास सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. तीच पुढे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या कारभाराचा पाया ठरली. एकाच शहरात, एकाच मंदीत, एकाच व्यवसायातील या दोन कंपन्यांची गत निराळी झाली, कारण एकीकडे वापरात असलेली जमीन होती व दुसरीकडे जमिनीची आशा होती.

सोलापूरचा अनुभव :

मंदीनंतर मुंबईच्या भांडवलाचा एक प्रवाह आतील प्रदेशाकडे वळला. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजेच आपली ‘जुनी गिरणी’, हे त्याचे ठळक उदाहरण होय. कापूस जवळ, रेल्वे दारात आणि मजूर उपलब्ध, असा मूल्याचा विचार त्यामागे होता. या गिरणीने सोलापूरला कित्येक दशके रोजगार दिला.

परंतु भागधारकाच्या दृष्टीने याच गिरणीचा शेवटचा अध्याय बोलका आहे. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेशाद्वारे तिचे व्यवस्थापन हाती घेतले. त्याविरुद्ध चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने अर्ज फेटाळला. कंपनी व भागधारक या भिन्न व्यक्ती आहेत, कंपनीच्या मालमत्तेवर भागधारकाची थेट मालकी नसते, हे तत्त्व त्या निकालातून ठळक झाले. पुढे नव्या संचालकांनी अर्धवट भरलेल्या अग्रहक्क भागांवर उरलेल्या पन्नास रुपयांची मागणी केली, तेव्हा दुसरा खटला उभा राहिला. त्यात डिसेंबर १९५३ मध्ये भागधारकाची बाजू मान्य झाली, ही गोष्ट वेगळी. बॅकबेच्या भागात दडलेले देणे येथे सोलापुरात प्रत्यक्ष दारात येऊन उभे राहिले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२००८ नंतरची पुनरावृत्ती :

या पार्श्वभूमीवर अलीकडचा काळ पाहू. डीएलएफने जून २००७ मध्ये ५२५ रुपयांना व मुंबईच्या एचडीआयएलने त्याच सुमारास ५०० रुपयांना भाग विकले. जानेवारी २००८ मध्ये गृहबांधणी भाग शिखरावर होते आणि मार्च २००९ पर्यंत या क्षेत्राचा निर्देशांक सुमारे नऊ-दशांश घसरला. कंपन्यांच्या जमिनीच्या साठ्याची चर्चा तेव्हा फार होती. त्या जमिनीसाठी काढलेल्या कर्जाची चर्चा तुलनेने कमी होती. तळाशी खरेदी करणाऱ्यांना काही महिन्यांत उसळीचा लाभ झाला खरा, पण ‘मूल्य’ म्हणून धरून बसणाऱ्यांचा अनुभव निराळा आहे. एचडीआयएल ऑगस्ट २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. युनिटेकचे संचालक मंडळ सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने सरकारला २०२० मध्ये बदलावे लागले. डीएलएफ टिकली, तरीही मार्च २०२० मध्ये तिचा भाव २००९ च्या तळाजवळच होता आणि २००८ चे शिखर तिने २०२४ पर्यंतही पुन्हा गाठले नव्हते.

अमेरिकेतील चित्रही याला पुष्टी देते. तेथील घरांची मंदी २००६ पासून सुरू झाली. टूसा ही मोठी गृहबांधणी कंपनी जानेवारी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. उलट एनव्हीआर ही कंपनी १९९२ मध्ये स्वतः दिवाळखोरीचा अनुभव घेऊन शहाणी झाली होती. कर्ज काढून जमीन साठवण्याऐवजी ठरावीक मुदतीत जमीन घेण्याचा हक्क तेवढा ती राखत असे. या मंदीत ती नफ्यात राहिली. म्हणजे जमीन कमी बाळगणारीच कंपनी अधिक मूल्यवान ठरली.

समारोप :

वरील विवेचनातून असे दिसून येते की, गृहबांधणी वा जमीन कंपनीच्या भागाचे मूल्य जमिनीच्या मूल्याइतके नसते. त्यातून कर्ज वजा करावे लागते, न भरलेली जबाबदारी वजा करावी लागते, आणि जमीन फळास येईपर्यंतचा काळही वजा करावा लागतो. जमीन वाट पाहू शकते. कर्जदार कंपनी वाट पाहू शकत नाही. म्हणून मंदीत ‘भाव किती उतरला?’ यापेक्षा ‘ही कंपनी मंदी संपेपर्यंत जगेल काय?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

२०१६ चा स्थावर संपदा कायदा, त्यानुसार ग्राहकांच्या रकमेपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आणि मे २०१७ पासून कार्यरत असलेले महारेरा यांमुळे घर घेणाऱ्याचे संरक्षण वाढले आहे. भाग घेणाऱ्याला मात्र असे कवच नाही. त्याचे संरक्षण त्याच्या अभ्यासातच आहे.

कुंभारीतच पुढे रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. त्या घरांचा भाव बाजारात रोज पुकारला जात नाही, आणि तो चढला काय वा उतरला काय, संध्याकाळी तेथे दिवा लागतोच. गृहबांधणी भागांचा विचार करणाऱ्या अध्यापकाने निदान एकदा या वसाहतीतून फेरफटका मारावा. घराचे मूल्य कशात असते हे तेथे डोळ्यांना दिसते, आणि भागपत्रात त्यातले किती उतरते याचा हिशेब मांडण्यास तेथून सुरुवात करता येते.