ओली कस्तुरी

पानिपत म्हटले की मराठी मनापुढे १७६१ ची संक्रांत उभी राहते. परंतु याच भूमीवर १५२६ च्या एप्रिलात इब्राहिम लोदीला हरवून बाबर दिल्लीचा धनी झाला, आणि त्या विजयामागून सुगंधाची एक हकीकतही आली.

जिंकलेला मुलूख बाबराला रुचला नाही. येथे चांगली द्राक्षे नाहीत, खरबुजे नाहीत, बर्फ नाही, अशी तक्रार त्याने आत्मचरित्रात नोंदविली आहे. फुलांपाशी मात्र त्याचा सूर पालटतो. कस्तुरीत कोरडेपणाचा दोष आहे, केवड्याला ओली कस्तुरीच म्हणावे, असा त्याचा अभिप्राय आहे.

फेब्रुवारी १५२७ मध्ये खानव्याच्या संग्रामापूर्वी त्याने मद्य वर्ज्य केले आणि सोन्यारुप्याचे प्याले फोडून गोरगरिबांत वाटले. शपथ पाळली गेली, पण ओढ सुटली नाही. हिंदुस्थानास कंटाळून परत गेलेल्या ख्वाजा कलान या जुन्या सरदाराला १५२९ साली लिहिलेल्या पत्रात त्याने कबुली दिली आहे, की मद्याच्या तळमळीने आपल्यावर रडण्याची पाळी येई, आणि एक खरबूज कापून खाताना तर खरोखरच अश्रू आवरले नाहीत.

मद्य आणि सुगंध यांचे नाते केवळ भावनेचे नव्हे. गुलाबाच्या वासातील एक प्रमुख द्रव्य, फिनाइल इथाइल अल्कोहोल, द्राक्षरस आंबताना किण्वाकडूनही तयार होते. अलीकडच्या अत्तरकारांनी याच जवळिकीचा उपयोग करून रम, कोन्याक आणि मिश्र मद्यांचे गंध अत्तरांत उतरविले आहेत. लंडनच्या पेनहॅलिगन्सने २०११ साली काढलेल्या ‘जुनिपर स्लिंग’मध्ये जिनचा भास आहे. जिनला तिचा खास वास ज्या फळांमुळे येतो, त्या जुनिपरचाच गंध तेथे योजलेला आहे.

रम वा कोन्याकचा भास साधताना अत्तरकार ज्या द्रव्यांकडे वळतात, त्यांत एक आपल्या ओळखीचे आहे, ते म्हणजे दवण्याचे तेल. दवणा दक्षिण भारतात पिकतो. पिकल्या फळाची आणि मुरलेल्या मद्याची आठवण देणारा त्याचा वास परदेशी अत्तरांत उंची मद्याचा आभास घडवितो. महाराष्ट्रात तोच दवणा चैत्रात भाविक जन देवाला वाहतात.

वनस्पती एकच, एके ठिकाणी तिच्या वासाने मैफल आठवते, दुसरीकडे देवघर. गंधाला अर्थ येतो तो माणसाच्या आठवणींतून. पानिपतच्या रणावर बाबराने राज्य मिळविले. त्या भूमीशी त्याचा स्नेह जुळू लागला तो मात्र केवड्याच्या वासापाशी.