पटलप्रथिनांच्या घडीचे ऊर्जाशास्त्र

पेशीपटलाच्या मेदद्विस्तरात वसणाऱ्या प्रथिनांची साखळी आपल्या कार्यक्षम त्रिमितीय आकारात स्थिरावताना मुक्त ऊर्जेत जे बदल घडतात, त्यांच्या अभ्यासाला पटलप्रथिनांच्या घडीचे ऊर्जाशास्त्र म्हणतात. सजीवांच्या जनुकांपैकी सुमारे २० ते ३० टक्के जनुके पटलप्रथिनांची असतात. पेशीत आयनांची ने-आण करणे, बाहेरील संदेश ग्रहण करणे, प्रकाश टिपणे ही कामे ती करतात.

पार्श्वभूमी

पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाची जलविरोधी ॲमिनो अम्ले पाणी टाळण्यासाठी आतल्या बाजूस दडतात आणि जलस्नेही अम्ले पृष्ठभागावर राहतात. घडी पडण्यामागील ही प्रमुख प्रेरणा असल्याचे वॉल्टर काउझमन यांनी १९५९ मध्ये मांडले. मेदद्विस्तराच्या गाभ्यात मात्र पाणी जवळजवळ नसते. तेथे पोहोचलेल्या साखळीस पाण्यापासून दडण्याचे कारण उरत नाही. मग तिची घडी कशामुळे टिकते, हा या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

ऊर्जेचा ताळेबंद

द्विस्तराच्या जलविरोधी गाभ्याची जाडी सुमारे ३ नॅनोमीटर असते. अल्फा सर्पिलात प्रत्येक ॲमिनो अम्लामागे लांबी ०.१५ नॅनोमीटरने वाढते. म्हणून गाभा ओलांडण्यास सुमारे २० अम्ले लागतात.

साखळीच्या कण्यातील पेप्टाइड बंध ध्रुवीय असतात. हायड्रोजन बंध न जुळलेला पेप्टाइड बंध पाण्यातून तेलासारख्या माध्यमात नेण्यास सुमारे ६ किलोकॅलरी प्रति मोल ऊर्जा खर्च होते. हायड्रोजन बंध जुळल्यास हा खर्च सुमारे २ पर्यंत उतरतो. ही बचत साखळीतील प्रत्येक दुव्यावर होते. त्यामुळे सुटी, उलगडलेली साखळी पटलात राहू शकत नाही. तिला अल्फा सर्पिल व्हावे लागते, किंवा बीटा पट्ट्या एकमेकींशी जुळवून पिंपाचा आकार घ्यावा लागतो. उरलेला खर्च ल्यूसीन, आयसोल्यूसीन, व्हॅलीन, फेनिलॲलॅनिन यांसारख्या अम्लांच्या जलविरोधी बाजूसाखळ्या भरून काढतात. आर्जिनीन, ॲस्पार्टिक अम्ल अशी विद्युतभारित अम्ले गाभ्याच्या मध्याशी सर्वांत महाग पडतात.

दोन टप्प्यांचे प्रतिरूप

जाँ-ल्यूक पोपो आणि डोनाल्ड एंगेलमन यांनी १९९० मध्ये हे प्रतिरूप मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक सर्पिल स्वतंत्रपणे पटलात स्थिर होते. दुसऱ्या टप्प्यात ही सर्पिले एकमेकांजवळ येऊन प्रथिनाचा अंतिम आकार घडवतात. जलविरोधी प्रेरणा मुख्यतः पहिल्या टप्प्यात खर्ची पडते. दुसऱ्या टप्प्यात सर्पिलांची परस्परांत घट्ट बसणी, व्हॅन डर वाल्स बले, हायड्रोजन बंध व भोवतालच्या मेदरेणूंची पुनर्रचना यांवर भिस्त असते. तांबड्या पेशींच्या पटलातील ग्लायकोफोरिन-ए या प्रथिनात दोन ग्लायसिनांमध्ये तीन अम्लांचे अंतर असते. ग्लायसिनची बाजूसाखळी अत्यंत लहान असल्याने दोन सर्पिले तेथे अगदी जवळ येऊन जोडी बनवतात.

बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनवरील प्रयोग

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत याचे कारण हॅलोआर्किया गटातील मीठप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. याच गटातील हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरम या जीवाच्या जांभळ्या पटलात बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे सात सर्पिलांचे प्रथिन असते. ते प्रकाशाच्या ऊर्जेवर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते.

हरगोविंद खोराना व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे प्रथिन पूर्णपणे उलगडून, मेद आणि रेटिनल यांच्या सान्निध्यात पुन्हा कार्यक्षम करून दाखवले. प्रथिनाचे दोन तुकडे केल्यावरही ते एकत्र येऊन जुळले. सर्पिले आधी स्वतंत्रपणे स्थिर होतात, या पुढे मांडल्या गेलेल्या कल्पनेला या प्रयोगाने आधार मिळाला.

मापन आणि मेदांची भूमिका

उलगडलेली पटलप्रथिने पाण्यात गोळा होऊन साकळतात. म्हणून त्यांची स्थिरता मोजणे अवघड असते. हीदोक हाँग आणि लुकास टॅम यांनी २००४ मध्ये युरियाच्या साहाय्याने ई. कोलाय जीवाणूच्या बाह्यपटलातील ओम्प-ए या प्रथिनाची द्विस्तरातील स्थिरता मोजली. ती सुमारे ३.४ किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे काही हायड्रोजन बंधांइतकीच, भरली. मेदरेणूंच्या शेपट्यांची लांबी बदलताच ही स्थिरताही बदलते. पटल हे केवळ प्रथिनाचे आसन नसून घडीच्या ताळेबंदातील एक भागीदार आहे.

भारतात भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत बीटा-पिंप प्रथिनांच्या घडीवर, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रथिने व मेद यांच्या परस्परक्रियांच्या संगणकीय प्रतिरूपणावर संशोधन झाले आहे.

पेशीतील यंत्रणा

पेशीत बहुतेक सर्पिलयुक्त प्रथिने ट्रान्सलोकॉन या प्रथिनमार्गातून पटलात शिरतात. त्याच्या बाजूस असलेल्या फटीतून पुरेसे जलविरोधी सर्पिल मेदात सरकते. जीवाणूंच्या बाह्यपटलाशी एटीपीचा पुरवठा नसतो. तेथे 'बॅम' हा प्रथिनसमूह बीटा-पिंपांच्या घडीचा वेग वाढवतो. प्रेरणा मात्र घडीच्या स्वतःच्या ऊर्जेतून येते.

वैद्यकीय महत्त्व

स्थिरता इतकी थोडी असल्याने एका अम्लाचा बदलही घातक ठरू शकतो. सीएफटीआर या १४८० अम्लांच्या प्रथिनात ५०८ व्या स्थानावरील फेनिलॲलॅनिन गळाले, की घडी बिघडते व पेशी ते प्रथिन नष्ट करते. सिस्टिक फायब्रोसिसचे हे सर्वांत सामान्य कारण १९८९ मध्ये उघडकीस आले. हा अभाव पेशीपटलाबाहेर, पेशीद्रवातील भागात असला तरी त्याने संपूर्ण प्रथिनाची जुळणी विस्कटते. घडी सावरणाऱ्या एलेक्साकाफ्टर व टेझाकाफ्टर आणि मार्ग उघडा ठेवणारे आयव्हाकाफ्टर अशा तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. डोळ्यातील ऱ्होडॉप्सिनमध्ये २३ व्या स्थानी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन आल्यास रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा दृष्टी हिरावणारा विकार उद्भवतो.